वरवंट्याला कुंची

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला मानीन. आमच्या दुर्गीनं मोबाइलवर पाट्या-वरवंट्याचं दुकान टाकलं, आन तवापासनं जो कुणी ते दुकान उघडून बघतो, तो सगळाच्या सगळा आमच्या अंगणात येऊन बसतो.

दुर्गी म्हंजे माजी सून. पहिल्यांदा आला तो नाशिकचा बाप्या. तोंडात ब्रश, खांद्यावर टावेल. शेळीच्या दाव्यापाशी उगवला.

"हा पाटा केवढ्याला?" म्हणला. दुर्गीनं सांगितलं. "बघतो," म्हणला आन गेला. जायाचं म्हंजे चालत न्हवं. तिकडं त्यानं मोबाइल मिटला की हिकडं जागा रिकामी. फेस तेवढा राह्यला मातीवर.

मग रोजचंच झालं. कुणी एका चपलेवर, कुणी डोस्क्याला मेंदी थापून. एक बाई तर भाकरी थापताना आली, पीठ माज्या तांब्याला पुसून गेली. दुर्गीनं चटया टाकल्या. मी पाणी द्याची. ग्रामसेवक वही घिऊन आला.

"आज्जी, ही माणसं गावची का बाहेरची?"

"बसलीत तवर गावची."

"मग पाणीपट्टी लावावी लागेल."

"लाव की. वसुलीला कुठं जाशील, ठाण्याला का नागपूरला?"

त्यानं लई इचार केला आन वहीत लिवलं, 'तात्पुरती, बसून.' मग स्वताबी एक तांब्या पिऊन गेला.

माणसांचा तरास न्हवता गं. पर घेत कुणी न्हवतं. हात फिरवायची, टकटक वाजवायची, "छान आहे हो" म्हणायची आन नाहीशी हुयाची. आन दगड तसंच पडून. बेचाळीस जोड. आमच्या मालकांनी खाणीतनं एकेक निवडून आणलेलं. निम्मं घडवलं आन गेले; निम्म्याला दुर्गीनं टाकी लावली, ती छन्नी तिच्या हातात बसली म्हण की.

एका दिशी दुर्गी म्हणली, "मामी, दोन वर्सं बघितली. येत्या सोमवारपतुर इकलं तर इकलं. उरलं ते शिरपतरावच्या क्रशरला देती, खडी हुईल. आन मी सूतगिरणीत जाती."

मी म्हणलं, "दे की." पर मालकांच्या हातचा दगड रस्त्यावर डांबरात पडलेला मला बघवणार न्हवता. तिला तसं बोलले न्हाई. सुनंला सगळं सांगितलं तर मग सासूपण कशाला करायचं?

दुर्गीनं मोबाइलच्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई लई गोड. "मॅडम, तुमच्याकडे येणारे भरपूर आहेत. त्यांना नुसतं बघू देऊ नका, गिऱ्हाईक करा. घाई लावा. लिहा, फक्त दोन शिल्लक."

दुर्गीनं लिवलं. लगेच सांगलीचे एक मास्तर येऊन बसले. मान वळवून वळवून मोजलं. "अहो, इथं तर चाळीसच्या वर दिसतायत."

मी म्हणलं, "दोन तुमच्यासाठी, बाकीचं दुसऱ्यांसाठी."

"असं होय. मग दुसऱ्यांचं उरकलं की कळवा." गेले.

आता ठाण्याच्या अनघाताईंचं ऐक. त्या अकरा दिवस येत हुत्या, दुपारी, जेवून. एकाच पाट्यापाशी बसायच्या. "मिक्सर आहे हो घरी," म्हणायच्या, "पण बघते. विचार करते." बाराव्या दिशी मला खोडी सुचली. नातवाची जुनी कुंची हुती पेटीत, लाल, झालर असलेली. ती चढवली त्या पाट्याच्या वरवंट्याला, गुंडाळलं फडक्यात आन म्हणलं, "ताई, जरा धरा, मी पाणी आणते."

बारशाला आपण पाळण्यात वरवंटाच घालतो का न्हाई पयल्यांदा? बायाबाया घ्या-घ्या करत त्यो खालनं वरनं देतात. तेच. ह्यात नवं काय मी केलं न्हाई.

पाणी आणाया मी मुद्दाम आडावर गेले. येऊन बघती तर बाई मांडी हालवतीया.

"आजी, ह्याचं नाव काय?"

"आजून ठेवलं न्हाई. आत्याच न्हाई त्याला."

बाईनं हिकडं तिकडं बघितलं. वाकली, वरवंट्याच्या कानाशी तोंड नेलं, आन केलं, कुर्र. काय नाव ठेवलं ते मी ऐकलं न्हाई. डोळे पुसून म्हणली, "ह्याला मी घेऊन जाते."

"आन आईला?" मी पाट्याकडं बोट दावून म्हणलं. "लेकराला आईपासनं तोडून नेणार? ठाण्याला अशी रीत हाय का?"

"नाही, नाही, आईपण येईल," बाई म्हणली. बटण दाबलं. नाहीशी झाली.

मग काय. सा कुंच्या शिवल्या मी जुन्या परकराच्या. येईल त्याच्या मांडीवर एकेक. नाशिकचा बाप्या परत आला, त्यानं ब्रश खिशात घालून नाव ठेवलं. सांगलीचे मास्तर दोन घिऊन गेले, जुळे म्हणून. कुरियरवाला म्हणला, "आज्जी, पाटा उचलतो मी, पर ह्याला गोणीत टाकू का?" मग स्वताच म्हणला, "नगं," आन वरवंटा खांद्याला लावून गेला. मोटारसायकल हळू चालीवली त्यानं.

कंपनीच्या बाईचा फोन आला. "मॅडम, तुम्ही नक्की काय केलंत?" दुर्गी म्हणली, "काय न्हाई, नावं ठिवली." ती म्हणली, "आमच्या यादीत हा उपाय नाहीये. लिहून घेते." अनघाताईंनी दुकानाला पाच चांदण्या दिल्या, खाली लिवलं, 'बाळ रुळलं. चटणी छान होते.'

तर आज सोमवार. शिरपतराव सकाळपासनं टॅक्टर लावून बसलाय फाटकात. मी त्यालाबी म्हणलं, "शिरपतराव, जरा धरता का, पाणी आणती."

त्यानं दोन्ही हात मागं बांधलं. "म्हातारे, मी धरणार न्हाई. माज्या बायकोनं बजावून धाडलंय."

हुशार माणूस.

एक्केचाळीस गेलं. एक उरलं. दुर्गी आत कापडं भरतीया, गिरणीत जायाचं का न्हाई ते ह्या एकावर ठरवणार म्हणती. आन तू आलीस. म्हणलीस, "मी आपली नुसती बघतेय." मी म्हणलं, "बघ की." मांडी रिकामी हुती, म्हणून ठेवलं तुज्याकडं. आता एवढा येळ झाला, तू एका हातानं थोपटतीयास, तुला तरी ठावं हाय का?

ठेव खाली. मी खोटारडी म्हातारी, माजं काय ऐकतीस? त्याला ट्रालीत टाकत्यात, फळी लावत्यात, इषय मिटला. ठेव.

ठेव की.

न्हाई ठेवत? मग वाक. कानात सांग. मला नगं ऐकवूस, ते त्याचं हाय. कुर्र. हां. आता दाब बटण. पत्ता नीट घाल, मागच्या खेपंला एक बाळ भलत्याच आळीत गेलतं. आईलाबी टिचकी मारलीस ना? बरं.

दुर्गे, ते गाठोडं सोड गं! शिरपतराव, रिकामाच न्या टॅक्टर, हळू न्या.

आन तू काय बसलीयास आजून? चटया झाडायच्यात मला. जा आता.