सुधाकरभाऊंचा काटा

दुबईच्या लॉजमध्ये शिरल्याबरोबर सुधाकरभाऊंनी पाणी मागितलं नाही की पाठ टेकली नाही. खिशातून आकड्याचा छोटा वजनकाटा काढला, खांद्यावरची झोली त्याला टांगली आणि वजन तळहातावर लिहून ठेवलं. पुढचे आठ दिवस खोलीतून निघताना वजन आणि परतल्यावर वजन. "डोये फसतात मास्तर, काटा नाई फसत," हे वर.

भाऊ घुग्घुसचे, माझे शेजारी. उभी हयात कोळशाच्या खाणीत ट्रकांची वजनं करण्यात गेली. ड्रायव्हर वाटेत कोळसा काढून घ्यायचे आणि उरलेल्यावर पाणी मारून वजन भरून काढायचे. त्यामुळे वजन कमी भरलं तर चोर, जास्त भरलं तर महाचोर, असा भाऊंचा हिशेब. आमच्या गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांच्या दारात जरा दबकूनच उभा राहतो.

त्यांची एकुलती एक मुलगी मीना दुबईला नर्स आहे. तिने तिकीट पाठवलं, तर भाऊ म्हणाले, परदेशात पाठीमागे नजर ठेवायला भरवशाचा माणूस पाहिजे. म्हणून मी. भरवशाचा म्हणजे काय, तर माझीही पिशवी ते रोज तोलत होते.

पैशांचा बंदोबस्त तर बघण्यासारखा होता. थोडे बनियनच्या चोरखिशात, थोडे मोज्यात, आणि वरच्या खिशात चोरासाठी वेगळं पाकीट. त्यात दहाच्या दोन नोटा आणि एसटीची जुनी तिकिटं. चोर आलाच तर त्याला रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं, असं त्यांचं म्हणणं. एटीएममध्ये तर कोणी नंबर पाहू नये म्हणून त्यांनी स्वतःवर आणि मशीनवर मिळून खांद्यावरचा एकच दुपट्टा पांघरला. तिथला शिपाई धावत आला. आठ दिवसांत संशयावरून हटकलं गेलेला माणूस एकच, तो म्हणजे भाऊ.

खरी रक्कम मात्र झोलीत होती, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. त्या रकमेची गोष्ट त्यांनी मला विमानात सांगितली, तीही शेजारचा प्रवासी घोरायला लागल्यावर. भाऊंचा उजवा गुडघा गेलेला. त्याच्या ऑपरेशनसाठी मीनाने दोन वर्षं थोडे थोडे पैसे पाठवले होते. भाऊंनी त्यातला एकही खर्चला नव्हता, सगळे तिकडच्या नोटांत बदलून परत घेऊन चालले होते.

"काऊन पण?" मी विचारलं.

"मोबाइलवर पोरगी हासते मास्तर, पण तिच्या मांगची भिंत कवाच बदलत नाई. काईतरी लपवून राह्यली."

त्यांचा संशय खरा निघाला. मीना राहायची त्या एका खोलीत पाच पलंग होते आणि तिच्या वाट्याला एक पलंग, एक भिंत. स्वयंपाकघर सामाईक. भाऊंनी पलंग तेवढे मोजले. मला फार वाईट वाटलं.

निघायच्या सकाळी मीना आम्हाला पोहे करून घालत होती. तिची पाठ वळल्याचं पाहून भाऊंनी गाठोडं तिच्या कणकेच्या डब्यात खोल खुपसलं. जन्मभर चोर पकडलेला माणूस, पण वरची कणीक सारखी करताना चोरासारखा मागे बघत होता. मग निश्चिंत होऊन हात धुवायला गेले. झोली खुर्चीवरच राहिली.

विमानतळावर बसल्यावर त्यांनी सवयीने काटा काढला. झोली हलकी भरायला हवी होती. आकडा पाहिला आणि भाऊंचा चेहरा उतरला. पुन्हा तोलली. आल्या दिवशी होतं तेवढंच वजन.

आत लुगड्याचं तेच गाठोडं होतं, कणकेने माखलेलं. गाठ तेवढी नवीन होती.

त्यांनी लगेच फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण कानाला लावलेला फोन कोण कुठून ऐकतो याचा भरवसा नाही.

"डब्बा उचलला तं जड लागला, बाबा," मीना म्हणाली. "म्हटलं, कोळश्याले पाणी मारलं का काय कोणी. आता मुकाट्यानं गुडघ्याचं करून घ्या. पुढच्या वर्षी येजा, तवा मले चालून दाखवजा."

भाऊंनी फोन ठेवला. "निघताना वजन केलं नाई मी," ते म्हणाले. "पोरीच्या घरी कोण वजन करते, मास्तर?"

मग त्यांनी झोली उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आठ दिवसांत तिला मी बोटही लावलं नव्हतं. "धरा जरा," म्हणाले आणि लंगडत काचेपाशी जाऊन उभे राहिले, शहराकडे तोंड करून. दुपट्ट्याने डोळे पुसत होते.

विमानाची घोषणा होईपर्यंत झोली माझ्याजवळच होती. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.