घुमा, बोलका, घुमा

पंगत बसायच्या आधी तात्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "काल रातीला कालवण काय हुतं?" नुसतं "वांगं" म्हणणारा घुमा. "त्याचं असं झालं, तात्या..." अशी सुरुवात करणारा बोलका. मग ते माणसं बसवत. नियम एकच : दोन घुमे शेजारी यायचे नाहीत.

पलूसजवळच्या त्या गावात मी साताऱ्याहून शिक्षक म्हणून आलो, तेव्हा दुष्काळ सरून पंगती पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी "वांगं" म्हणालो आणि कायमचा घुमा ठरलो. आता तात्या हयात नाहीत. सावकाश आठवून लिहितो आहे.

"घुमे शेजारी बसले तर बिघडतं काय?" मी एकदा विचारलं.

"आवं, उपाशी उठत्यात! भाजी मागाय बी त्वांड उघडाय लागतं."

हा हिशेब त्यांना उसाच्या हिशेबापेक्षा चोख येई. "दोन बोलके, दोन घुमे, तर बसवायच्या तीन तऱ्हा. तिसरा घुमा आला की एकच तऱ्हा : दोनी कडंला घुमे, एक मधी. चौथा आला की खेळ खलास."

"पण कोणता घुमा कुठं, ते मोजायला नको?"

"घुमं समदं सारखंच, मास्तर."

एका बारशाला असा चौथा घुमा आलाच. तात्या एसटीच्या थांब्यावर गेले आणि इस्लामपूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका गूळ-व्यापाऱ्याला ओढत घेऊन आले. चार घुमे, तीन बोलके, पंगत जमली. व्यापारी एवढं बोलला की त्याच्या दोन गाड्या चुकल्या.

तात्या स्वतः पहिल्या नंबरचे बोलके. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, सगळं त्यांच्याकडून कळायचं.

मग काकू, तात्यांची बायको, गेल्या.

तेराव्याला ओसरीवर आम्ही पाच जण होतो. तात्यांचे दोन जावई आणि मी, तिघेही घुमे. बोलके दोघे, तात्या आणि गिरणीवाले अण्णा. तात्यांना काही सुधरत नव्हतं, म्हणून त्यांच्याच नियमानं मी बसवलं. कडेला मी, मग तात्या, थोरले जावई, अण्णा, धाकटे जावई.

पानं वाढली. अण्णा जावयांना बोलतं करत होते. आमच्या बाजूला मात्र सामसूम. तात्यांचा हात पानाकडे जाईना.

"तात्या, जेवा," मी हळूच म्हणालो.

"हिशेब चुकला, मास्तर. मी बोलका न्हवं. घरात ती बोलायची. मी आपलं तेच भाईर येऊन सांगायचो."

मी मनात मांडून पाहिलं. चार घुमे, एक बोलका. एकही तऱ्हा निघेना. एखादा घुमा बोलला तरच.

मी उठलो. "तात्या, माझ्या जागी सरका."

"भरल्या पानावरनं उठता व्हय, मास्तर?" अण्णा ओरडले.

तात्या मुकाट्यानं कडेला सरकले. मी त्यांच्या आणि थोरल्या जावयांच्या मधे, बोलक्याच्या जागेवर बसलो. बसलो खरा, पण काय बोलावं ते सुचेना.

पानावरची नजर न उचलता तात्या म्हणाले, "काल रातीला कालवण काय हुतं?"

"वांगं" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"त्याचं असं झालं, तात्या..." मी म्हणालो.

त्यांचा हात भाताकडे गेला, तेव्हा मी अजून चूल पेटवण्यापर्यंतच पोचलो होतो.