तात्या स्वतःच वर्दी देतात

कसबा पेठेतल्या तात्यांनी स्वतःच्या दुखण्याची वर्दी वैद्याकडे स्वतःच नेली, आणि तीही बाजेवर पडून. असा माणूस पुण्यात दुसरा झाला असेल, तर मला ठाऊक नाही.

तात्या आमचे शेजारी. राज्य श्रीमंत पेशव्यांचं असलं तरी कोतवाल चावडीवरचे कारकून तात्या होते. कुणी अर्जी घेऊन आला की मान वर न करता म्हणत, "थांबा." पुढे ती खोड घरी आली. भात वाढताना थांबा, न्हाव्याने वस्तरा उचलला की थांबा. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यालाही ते थांबा म्हणालेच असतील, पण तो कसला ऐकतो? उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

तेव्हा त्यांचा मुलगा नारायण नदीवर आंघोळीला गेला होता. निरोप कळताच तो ओल्या पंच्यानेच वैद्यबुवांकडे धावला. आमचे वैद्यबुवा पडले शास्त्राचे. रोग्याआधी ते बोलवायला आलेला दूत पाहत. दूत रडका नको, लंगडा नको, ओलेता तर नकोच नको. नारायणाला पाहून त्यांनी तात्यांची आशा सोडली आणि निदान जीव सुखाने जावा म्हणून अफूची जबर मात्रा दिली, रोज एक गोळी.

तात्या मेले नाहीत, झोपले. पुढे नारायण अधूनमधून सांगायला जाई, "शांत आहेत." वैद्यबुवा म्हणत, "गुण आहे. चालू ठेवा." चावडीवर चोरालासुद्धा विचारतात, बाबा रे, तुझं म्हणणं काय? तात्यांना कुणी विचारलं नाही.

एकदा गोळी द्यायची राहून गेली आणि दुपारी तात्या चक्क बोलले. दुसऱ्या दिवशी गोळी दिली, वाचा पुन्हा बंद. तात्या काय ते समजले. मग ते गोळी गालात धरत आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, पाठ वळताच बाजेखाली थुंकत. पाचसात शब्द परत आले, तोवर केर काढताना गोळ्याही सापडल्या. काकू रडल्या. नारायणाने जाहीर केलं, की वैद्यबुवांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. उद्यापासून गोळी मधात उगाळून, नाक दाबून.

तात्यांनी मला बोलावलं. "वैद्याकडे... मी... जातो."

"अहो, नारायण जाईल की."

"त्याला... काय... कळतं?"

शेवटी चार भोई बोलावून तात्यांची बाज उचलली. मागून नारायण, काकू आणि मी. बोळातले लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. तात्यांनी डावा हात उचलून सांगितलं, "अजून... नाही."

वैद्यबुवांनी सवयीने नारायणाला विचारलं, "भूक लागते का यांना?"

"थांबा," तात्या म्हणाले. "दूत... मी."

वैद्यबुवा चपापले. "पांगळा दूत अशुभ. ग्रंथात स्पष्ट आहे."

"मग... रोगी... बघा."

एकेका शब्दाला विडा लावायला लागतो तेवढा वेळ लागत होता. नारायण मध्येच वाक्य पुरं करायला जाई, तात्या डोळे वटारत. "गोळीने... शब्द... जातात," एवढं सांगून होईपर्यंत त्यांना घाम फुटला. वैद्यबुवांनी बराच वेळ नाडी पाहिली आणि मग मात्रा बंद करायला सांगितली. तसंही ग्रंथात आहे म्हणाले.

मग पहिल्यांदाच त्यांनी थेट तात्यांकडे पाहिलं. "आणखी काय होतं तुम्हाला?"

तात्यांनी दाराशी उभ्या काकूंकडे पाहिलं. "ही... भांडत... नाही आता."

आमची त्यांची भिंत एक. त्या भिंतीतून रोज संध्याकाळी ऐकू येणारं भांडण झटक्यापासून बंद पडलं होतं, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आता घरात तात्यांना सगळे नुसतं बरं बरं म्हणत.

"एकटं... वाटतं," तात्या म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि वैद्यबुवांची भीडभाड न ठेवता पुढे आल्या. "आजारी माणूस म्हणून गप्प होते. चार जणांच्या खांद्यावरून गावभर मिरवता, गोळ्या थुंकता, वर आम्हालाच बोल लावता? लाज नाही वाटत?"

तात्यांचा चेहरा उजळला. उत्तरासाठी ते शब्द गोळा करू लागले. नारायण काही सुचवायला वाकला, तशी काकूंनी त्याला हाताने मागे सारलं आणि उत्तर येईपर्यंत त्या बाजेपाशी तशाच उभ्या राहिल्या.