सुपारीच्या पोटातले अठरा किलो

कुत्रीचं वजन करणं ही साईनाथच्या मते दोन मिनिटांची गोष्ट होती. "तिला उचलून मी काट्यावर उभा राहतो. आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं. झालं! फक्त डोकं लागतं," तो बायकोला, तनुजाला, म्हणाला. आणि नेमकं डोकंच त्याने वापरलं नाही.

सुपारी ही त्यांची बिबवेवाडीच्या फ्लॅटमधली गावठी कुत्री. तिला जंतांचं औषध द्यायचं होतं. दर दहा किलोला एक गोळी, म्हणून डॉक्टर प्रियदर्शनींनी फोनवर आधी वजन विचारलं होतं.

आता साईनाथच्या वजनाबद्दल. "पंचाहत्तरवर आलात की मोटरसायकल घ्या," असं तनुजाने कबूल केल्यापासून तो रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जायचा. म्हणजे पायथ्याशी मिसळ मिळते, तिथपर्यंत. घरी येऊन बाथरूमचं दार लावून वजन करायचा आणि बाहेर येऊन आकडा जाहीर करायचा. आकडा उतरत होता, पोट मात्र जागचं हलत नव्हतं. "आधी आतली चरबी जाते," असं तो सांगे आणि तनुजा बिचारी मानेही. परवाचा आकडा होता शहात्तर. मोटरसायकलचा रंगसुद्धा ठरला होता!

सुपारीला काखेत मारून साईनाथ काट्यावर चढला. तनुजाने वाकून पाहिलं.

"एकशे सहा! आता तुम्ही एकटे उभे राहा."

"मी कशाला? मी शहात्तर. कर वजा!"

"तीस किलो?" तनुजा त्याच्या काखेतल्या सुपारीकडे बघतच राहिली. "हिचं?"

"गावठी कुत्र्यांची हाडं जड असतात."

"हाडं कसली! अहो, पोटात जंतच जंत झालेत हिच्या!"

तिने घाबरून डॉक्टरांना तीस किलो कळवले. डॉक्टर गडबडीत होत्या. तीन गोळ्या सांगून त्यांनी फोन ठेवला. तनुजाने लगेच गोळ्या आणल्या, कुटल्या आणि दहीभातात कालवल्या.

"अगं, आज एकच दे ना!" साईनाथ म्हणाला.

"डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"बाकीच्या उद्या देऊ."

"आणि तोवर जंतांनी काय करायचं? वाट बघायची?"

साईनाथ कात्रीत सापडला. एकीकडे मोटरसायकल, दुसरीकडे शेपूट हलवणारी सुपारी! माणूस लबाड होता, पण कुत्रीवर त्याचा जीव होता. वाटी जमिनीला टेकली आणि तो ओरडला, "थांब! त्यातले अठरा किलो माझे आहेत!"

तनुजाने वाटी उचलली. काट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "चढा."

चौऱ्याण्णव.

"अभिनंदन," ती म्हणाली. "मोटरसायकल वाचली बिचारी."

मग तिने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसल्या.

"अहो, मग सव्वा गोळी पुरे. पण एवढं घाबरायचं कारण नव्हतं. चुकून तीन गेल्या असत्या, तर फार तर एखादी उलटी होऊन दिवसभर झोपून राहिली असती."

साईनाथ मटकन खाली बसला. "डॉक्टर, हे आधी नाही का सांगायचं?"

उत्तर तनुजाने दिलं.

"आधी त्यांना तीसही किलो कुत्रीचे म्हणून सांगितले होते. त्यातले अठरा तुमचे, हे नाही!"