खाली कोण आहे?

सोपानकाका जमिनीला प्रश्न विचारतात. सोसायटीच्या मागच्या मातीत लाकडी खुंटी ठोकायची, तिच्या माथ्यावर लोखंडी पट्टी सावकाश घासायची, मग कान जमिनीला लावून म्हणायचं, "खाली कोण आहे?"

खुंटी गुरगुरते. तो आवाज कानांच्या आधी तळपायांना कळतो. थोड्या वेळाने आजूबाजूची माती हलू लागते आणि गांडुळं वर येतात; सगळीकडून, घाईघाईने, खालून कोणी हाकलल्यासारखी. शेजारच्या पाटीलवहिनींनी हे एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या खिडकीला जाड पडदा लागला.

काका कारखान्यातले निवृत्त फिटर. गळ्यात तुळशीची माळ. मासा तर सोडाच, नाशिकमध्ये राहून कांदाही खात नाहीत. गांडुळं मात्र रोज हवीत, तीही जिवंत. "मेलेलं तिला चालत नाही." ती म्हणजे नदीतली एक मरळ. काकांकडे गळ नाही. पहाटे डबा घेऊन शहराबाहेरच्या जुन्या घाटावर जायचं, तिला खाऊ घालायचं आणि परत यायचं.

"काका, पकडा की एकदा. रस्सा आम्ही करतो," असं कोणी म्हटलं, तर त्या माणसाशी त्यांचं बोलणं बंद.

यंदा सोसायटीने मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं. बैठकीत काका एकटेच विरोधात उभे राहिले.

"खाली राहणाऱ्यांचा काही विचार?"

"तळमजल्यावर मीच राहते," पाटीलवहिनी म्हणाल्या. "मला ब्लॉकच हवेत."

ब्लॉक बसले. दुसऱ्या सकाळी काका त्यांच्यावर कान टेकून ओणवे पडलेले दिसले.

"कोणी बोलत नाही," ते मला म्हणाले. "आज ती उपाशी. आता ती येते की नाही, कोण जाणे."

मी त्यांना स्कूटरवरून घाटावर नेलं. रिकामा डबा त्यांनी सोबत घेतलाच. नदीवर धुकं होतं. पायरीवर बसून ते बोलू लागले.

"आमच्या हिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे झाडावर बसून नुसते बघत होते. तिच्या भावाने शब्द दिले, बहिणीने दिले. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, सोडा पाण्यात. सोडताना मी म्हटलं, तुला इथं एकटी नाही ठेवणार. तेवढ्यात पाण्यातून काळं तोंड वर आलं आणि पिंड घेऊन गेलं."

"तीच मरळ ही, कशावरून?"

"तुम्ही पेपरवाले. आधार कार्ड मागाल."

त्यांनी सोबत आणलेली लोखंडी पट्टी दगडी पायरीवर घासली. "खाली कोण आहे?"

पाणी हललं नाही. पलीकडच्या काठावर बगळाही स्तब्ध होता. काकांनी पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू.

पायरीलगत काळं डोकं वर आलं. डोळे आमच्याकडे.

काकांनी डबा उलटा करून दाखवला. "आज काही नाही गं. माती झाकून टाकली त्यांनी."

मासा हलला नाही. काकांनी पाण्यात बोट धरलं. त्याने ते तोंडात घेतलं, क्षणभर धरून ठेवलं आणि सोडलं. बोटावर रक्ताचा थेंब आला.

"चिडली?" मी विचारलं.

"छे." काकांनी बोट शर्टाला पुसलं. "रिकाम्या हाताने घरी आलो, की अशीच चिमटा काढायची."