पुरी, पोळी आणि सरवरीची भिंत

ज्या प्रश्नावर मतदान होत नाही, त्या प्रश्नाला लोकशाहीत काडीची इज्जत नसते. सरवरीला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, अर्ज दिला की काम होतं. (शिक्षण : सातवी.)

पारनेर तालुक्यातल्या तिच्या गावात ऐन वळणावर तिचं घर. नागापूर एमआयडीसीच्या पाळीला उशीर झालेले टेम्पो तिथं सुसाट येतात आणि थेट तिच्या भिंतीला भिडतात. दोन वर्षांत तीनदा भिडले. भिंतीच्या आत सासूची खाट. सासूला उठवत नाही, आणि दुसऱ्या खोलीत खाट मावत नाही. म्हणून सरवरीनं गतिरोधक मागितला. एकच.

ग्रामसभेत सरपंच सूर्यभान गंभीर झाले. "भाभी, येवढा मोठा निर्णय मी एकल्यानं घिऊ? मतदान घिऊ."

विरोधी गटाचे कल्याणराव ताडकन उठले. "आमी तर कवाधरनं मतदान मागतोय! पन हात वर करून न्हाई. गुप्त पायजे."

"आवो, वीतभर उंचीचं काम हाय त्ये," सरवरी म्हणाली.

"म्हनूनच!" दोघं एकदम बोलले. (गावातलं हे पहिलं एकमत.)

मग मतदान गुप्त असावं का, यावर मतदान झालं. हात वर करून.

चिन्हं ठरली. गतिरोधक हवा असेल तर पुरी, नको असेल तर पोळी. एक फुगते, एक सपाट राहते, अडाणी माणसाचीही सोय. सरपंचांनी पुरी-भाजीच्या पंगती उठवल्या, कल्याणरावांनी पुरणपोळीच्या. पोळीवाल्यांचं म्हणणं, गतिरोधकानं बाळंतिणीला धक्के बसतात. गावात तेव्हा बाळंतीण एकही नव्हती, पण तत्त्वाचा प्रश्न होता. तेवढ्यात तरुण मंडळानं तिसरा पर्याय काढला : खड्डा. "गाडी हळू हुतीच की, आन् सिमेट लागत न्हाई." चिन्ह, मेदूवडा.

मतदान चौऱ्याण्णव टक्के. विधानसभेला एकसष्ट होतं. (यंदा तीन मयतांनीही हक्क बजावला.)

खड्डा दोन मतांनी निवडून आला. संबंधित खात्यानं लेखी कळवलं, "खड्डा पाडण्याची तरतूद नाही. तो आपोआप पडेपर्यंत ग्रामस्थांनी संयम राखावा."

तरी मिरवणूक निघाली. गुलालानं ड्रायव्हरचे डोळे भरले, वळण दिसलं नाही, आणि मेदूवड्याचा टेम्पो भिंत फोडून आत गेला.

सरवरी "अम्मी, अम्मी" करत विटा उपसत होती. सरपंच धावत आले. "भाभी, खरं सांगा, तुमचं मत कुनाला हुतं?" कल्याणरावांनी जागेवरच फेरमतदानाची मागणी केली.

ही हकिगत ज्याला सांगावी तो पहिलं हेच विचारतो, पोळीला किती मतं पडली? तुम्हालाही तेच विचारायचं असेल. एकशे चौऱ्याऐंशी.

म्हातारीचं काय झालं, ते सांगायचं की नाही यावर मतदान घ्यावं लागेल.