देवक बसेपर्यंत

धर्मशास्त्र पाळावं तर आमच्यासारखं! चातुर्मासात आमच्या घरात कांदा-लसूण शिरत नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये खातो, पण कँटीन म्हणजे काही घर नव्हे! इतका बारीक अभ्यास असलेला माणूस अख्ख्या देवासात दुसरा नाही, असं मी आमच्या मुलाच्या, पियूषच्या, मुंजीपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

मुंजीच्या सकाळी आठला हॉलवर माझा फोन वाजला. धरमपुरीचे भैयासाहेब! माझे सख्खे काका, वय ब्याऐंशी, आठ दिवस तापाने पडून. उचलणार, तोच हात थबकला. भैयासाहेब दहापर्यंत पूजेत असतात, फोनला शिवत नाहीत. मग त्यांच्या फोनवरून बोलतंय कोण?

"शशिकला!" मी बायकोला कोपऱ्यात ओढलं. "भैयासाहेब बहुतेक गेले!"

"अगंबाई! कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी उचललाच नाही!"

तिला चटकन उमगलं. घरचं माणूस गेलं की सुतक, आणि सुतकात मुंज नाही. पण सुतक लागतं ते बातमी कळल्यावर! शिवाय साडेनऊला एकदा देवक बसलं की मग काहीही कळो, कार्य थांबत नाही. ग्वाल्हेरचे पाहुणे, दोनशे पानं, सगळं आता दीड तास बहिरं राहण्यावर आलं होतं.

माझ्यानंतर शशिकलाचा फोन वाजला. मग कोमल, आमची लेक, धावत आली.

"पापा, धरमपुरीचा कॉल आहे. उठाऊं क्या?"

"खबरदार!"

तिन्ही फोन मी आचाऱ्याच्या तांदळाच्या डब्यात पुरले. डबा वाजायला लागला! गुरुजी वळून बघू लागले, तसा मी झाकणावरच बसलो.

तेवढ्यात शेजारचा कुशल आला. "भिया, धरमपुरी वाले आपके काका..."

मी अख्खा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. "बाद में! देवक के बाद!"

बिचारा डोळे वटारून स्कूटरवर निघून गेला.

देवक बसलं. मी डबा उघडून भैयासाहेबांना फोन लावला. बंद! पुन्हा लावला. बंद! आता मात्र मला वेगळीच शंका आली. ते गेलेच, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. नुसते अत्यवस्थ असले तर? इंदूरला हलवायला गाडी हवी असली तर? वडिलांमागे ज्यांनी मला सायकलवर डबलसीट शाळेत पोचवलं, त्यांचे चौदा फोन मी तांदळात पुरले होते! मला रडूच कोसळलं.

"पापा, मुंज मेरी है," पियूष म्हणाला, "रो आप क्यों रहे हो?"

इतक्यात कुशलची स्कूटर परत आली. मागे मफलर गुंडाळून, लालबुंद झालेले भैयासाहेब!

"गाढवा! पहाटे चारला निघालो, नातवाच्या मुंजीसाठी पूजा सोडली, आणि तुला बसस्टँडवर घ्यायला येववत नाही? बॅटरी संपली माझी फोन करून करून!"

मी त्यांचे पाय धरले आणि रडत रडत खरं ते सांगून टाकलं. आता थोबाडीत बसणार म्हणून डोळे मिटून घेतले. काहीच बसलं नाही. त्यांनी मला बाजूला नेलं.

"देवक बसलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसलं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आपला बडोद्याचा शरच्चंद्र, माझा चुलतभाऊ, दवाखान्यात होता ना? त्याच्या घरून परवापासून फोन येतायत. मी काही उचलले नाहीत. आता तू लावून बघ."

नुकताच एवढा रडलो होतो मी. तरी म्हटलं, "जेवणं होऊ द्या, मग लावतो."